प्रशिक्षण झाले, पुढे काय? ग्रामीण मानसिक आरोग्यसेवा आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
ग्रामीण भागांसाठी मानसिक आरोग्यसेवेचे आराखडे आखणारे, त्यांना निधी मंजूर करणारे आणि त्या सेवेसाठी माणसे घडवणाऱ्या संस्थांचे प्रमुख यांना,

सप्रेम नमस्कार.

मी आरोग्य कार्यकर्त्यांना मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण देते. हे पत्र एका कोऱ्या नोंदवहीमुळे लिहिते आहे.

एका प्रशिक्षणाला आठ महिने झाल्यावर मी तिथल्या एका आरोग्य केंद्रात गेले होते. मानसिक आजारांची नोंदवही मागितली. पहिली दोन पाने सुरेख अक्षरात भरलेली, पुढे सगळी कोरी. ती वही जिच्या ताब्यात होती ती कार्यकर्ती आमच्या वर्गातली सगळ्यात चुणचुणीत. मी कारण विचारले तर बराच वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, "तुम्ही विचारायला शिकवलंत ना, जीव नकोसा वाटतो का म्हणून. मी एका बाईंना विचारलं. त्या 'हो' म्हणाल्या. मग पुढे मी काय करायचं होतं?"

त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत त्या बाईंजवळ बसून राहिली. आम्ही दिलेला फोन नंबर तिने लावून पाहिला, कोणी उचलला नाही. पुढचे दहा दिवस सकाळ-संध्याकाळ ती त्यांच्या घरी जात राहिली. रोजच्या कामातून वेळ काढून, आणि कोणाशीही न बोलता, कारण गुप्तता पाळायची हेही आम्हीच शिकवले होते. त्या बाई सावरल्या. हिने मात्र तो प्रश्न विचारणे सोडून दिले. "विचारलं की हो म्हणतात, आणि मग मी एकटी असते," असे ती म्हणाली.

आमच्या अहवालात ती 'प्रशिक्षित' होती. प्रशिक्षणाआधीच्या आणि नंतरच्या चाचणीतले तिचे गुण मी स्वतः तक्त्यात भरले होते आणि ते चांगले वाढलेले होते.

म्हणून तुमच्याकडे एक मागणे घेऊन आले आहे. शिबिरानंतर कार्यकर्तीची पाठराखण, म्हणजे नियमित भेट आणि मार्गदर्शन, कोण करणार, किती दिवसांनी, कोणत्या पैशातून, हे ज्या प्रस्तावात लिहिलेले नसेल त्याला मंजुरी देऊ नका. बाकी सगळे मी याच मागण्याच्या पुष्ट्यर्थ लिहिते आहे.

पैसा कमी आहे, हे मला ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहण्यांनुसार जगभरची सरकारे आरोग्यावरच्या खर्चातले जेमतेम २ टक्के मानसिक आरोग्याला देतात आणि त्यातलाही मोठा भाग शहरांतल्या मनोरुग्णालयांकडे जातो. भारतात २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना असल्याचे आढळले. मनोविकारतज्ज्ञ शहरात राहतात, रुग्णांपैकी कितीतरी जण खेड्यात. हे अंतर तज्ज्ञांची संख्या वाढवून भरून निघायला पिढ्या जातील, म्हणून गावपातळीच्या कार्यकर्त्यांनाच हे काम शिकवावे, असा विचार पुढे आला. तो योग्यच आहे. माझी सगळी उमेद त्याच विचारावर आहे.

आणि तो नवाही नाही. १९७० च्या दशकात बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने जवळच्या सकलवाडा गावात आणि चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने हरियाणातल्या रायपूर राणी भागात हे करून पाहिले. रायपूर राणीचे काम जागतिक आरोग्य संघटनेच्या सात देशांतल्या प्रकल्पाचा भाग होते. कोलंबिया, सेनेगल, सुदानही त्यात होते. १९७८ ला तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आता इथे प्राथमिक आरोग्यसेवेची घोषणा झाली, १९८२ ला भारताचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला आणि त्याच दशकात कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात तो जिल्हाभर राबवून पाहिला गेला.

बेल्लारीत काय होते ते पुन्हा एकदा पाहा, अशी माझी विनंती आहे. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण होतेच. पण त्याच्या जोडीला मनोविकार आणि अपस्मार (फिट्स) यांवरची मोजकी सहा औषधे केंद्रांवर उपलब्ध करून दिलेली होती, साधे केसपेपर होते, दर महिन्याला अहवाल जात होता आणि जिल्ह्याचे पथक त्यावर कार्यकर्त्यांना उलट कळवत होते. पुढे १९९६ पासून जिल्हा कार्यक्रमाचा देशभर विस्तार सुरू झाला. माझ्या अनुभवात अशा विस्तारात प्रशिक्षण तेवढे पोचते, कारण ते मोजायला सोपे असते: किती शिबिरे, किती उपस्थिती. उलट कळवणारे कोणी आहे का, हा रकाना तक्त्यात नसतो.

शिबिर लहान आणि पाठराखण मोठी असली तर काय होते, याचे मला सर्वात जवळचे वाटणारे उदाहरण पाकिस्तानातले आहे. रावळपिंडी जिल्ह्याच्या ग्रामीण भागात डॉ. अतिफ रहमान आणि सहकाऱ्यांनी गरोदरपणात नैराश्य असलेल्या स्त्रियांसाठी एक उपचारपद्धती बसवली. ती देणाऱ्या होत्या तिथल्या नेहमीच्या आरोग्य कार्यकर्त्या, ज्यांचा मानसोपचाराशी पूर्वी काही संबंध नव्हता. त्यांना प्रशिक्षण किती दिले? दोन दिवस. काही महिन्यांनी एक दिवसाची उजळणी. पण दर महिन्याला त्यांची अर्ध्या दिवसाची बैठक होत असे. अडलेल्या केसेस तिथे मांडायच्या, एकमेकींचे ऐकायचे, मार्गदर्शकाला विचारायचे. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी या गटातल्या २३ टक्के माता नैराश्यात होत्या, तर ही पद्धत न मिळालेल्या तुलनेच्या गटात ५३ टक्के.

यातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. तुलनेच्या गटातल्या मातांकडेही कार्यकर्त्या तितक्याच वेळा जात होत्या. म्हणजे घरभेटींची संख्या दोन्हीकडे सारखीच होती, फरक पडला तो भेटीत काय घडते याने आणि ते नीट घडावे म्हणून मागे उभ्या असलेल्या माणसांनी. घरभेटी मोजून मानधन ठरवणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये नैराश्यासाठी जे काम झाले त्यातही हाच धागा सापडतो. तिथल्या समुपदेशकांनी मानसिक आरोग्याचे व्यावसायिक शिक्षण घेतलेले नव्हते. रुग्णाच्या संमतीने संवादाचे ध्वनिमुद्रण करायचे, मग गटात बसून ते ऐकायचे आणि ठरलेल्या निकषांवर एकमेकांना गुण द्यायचे, अशी पद्धत त्यांनी बसवली. सहकाऱ्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांच्या पुष्कळ जवळ जाऊ लागले. याचा अर्थ पाठराखणीसाठी कायम तज्ज्ञच हवा असे नाही. सुरुवातीला तो हवा, पुढे अनुभवी कार्यकर्ती हे करू शकते. आणि कार्यकर्तीला वर जाण्याची एक पायरीही मिळते. आज ती नाही. पंधरा वर्षे काम केलेली आणि काल रुजू झालेली यांच्या हुद्द्यात काडीचा फरक नसतो.

तज्ज्ञांविषयीही थोडे स्पष्ट लिहिते. ग्रामीण सेवेच्या आराखड्यात तज्ज्ञाचे काम बहुतेकदा असे धरलेले असते की ठरावीक वारी तो तालुक्याच्या ठिकाणी येईल आणि रांगेतले रुग्ण तपासेल. रांग संपेपर्यंत अंधार होतो. केंद्रातला वैद्यकीय अधिकारी शेजारच्या खोलीत असतो आणि त्याला काहीच कळत नाही. ब्राझीलमध्ये याला एक पर्याय रुळला आहे. तिथे मानसिक आरोग्याचे पथक गावातल्या कुटुंब-आरोग्य पथकाकडे ठरलेल्या दिवशी जाते, रुग्ण दोघे मिळून पाहतात, उपचाराची आखणी एकत्र करतात आणि रुग्ण स्थानिक पथकाचाच राहतो. तज्ज्ञाच्या एका भेटीतून रुग्णाला उपचार मिळतात आणि डॉक्टर-परिचारिकेला शिक्षणही. तुमच्याकडच्या तज्ज्ञाच्या कामाच्या वर्णनात 'सोबत बसून रुग्ण पाहणे' हे शब्द घाला. महिन्याला किती रुग्ण तपासले याबरोबरच किती जणांना सोबत घेऊन तपासले हेही विचारा.

पण हे करायला तज्ज्ञालाही शिकावे लागते, आणि आपण ते त्याला कुठेच शिकवत नाही. पदव्युत्तर शिक्षणाच्या तीन वर्षांतला बहुतेक काळ मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात जातो. मोजक्या औषधांवर, तपासणीच्या सोयीशिवाय, ज्याच्या घरून पुन्हा यायला अख्खा दिवस मोडतो अशा माणसावर उपचार कसे करायचे, हे वॉर्डात दिसत नाही. मनःस्थिती स्थिर ठेवणारे लिथियम हे औषध सुरू करायचे तर रक्त तपासावे लागते. ते जिथे होत नाही तिथे काय करायचे? चुकलेल्या कार्यकर्तीला तिचे मन न मोडता कसे सांगायचे? ग्रामीण केंद्रात काही महिने राहून हे शिकल्याशिवाय पदवी मिळू नये, असे माझे ठाम मत आहे. दोन दिवसांची सहल त्यात धरू नये.

माणसे खेड्यात टिकत नाहीत, ही तक्रार मी प्रत्येक बैठकीत ऐकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली यावर शिफारसी दिल्या आणि २०२१ ला त्या सुधारल्या. ग्रामीण भागात वाढलेल्या विद्यार्थ्यांना प्रवेशात प्राधान्य, शिक्षण ग्रामीण भागाच्या जवळ, राहण्याची चांगली सोय, बढतीची वाट, आणि तज्ज्ञांचा आधार. जपानने १९७२ साली जिची वैद्यकीय विद्यापीठ काढले तेच मुळी यासाठी. प्रत्येक प्रांतातून विद्यार्थी घ्यायचे, शुल्काचा भार उचलायचा आणि बदल्यात त्यांनी आपापल्या प्रांतात साधारण ९ वर्षे सेवा द्यायची. मनोविकार परिचारिका, समाजकार्यकर्ते, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांच्यासाठी असे काही का करू नये? डॉक्टरांच्या जागांवर आपण इतकी चर्चा करतो की ही तिन्ही पदे रिकामी आहेत हे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

दूरसंवादाची मदत होते, पण ती कशासाठी वापरायची ते ठरवा. २००३ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा यांनी हिपॅटायटिस-सी या यकृताच्या आजारासाठी एक पद्धत सुरू केली: दुर्गम दवाखान्यातले डॉक्टर दर आठवड्याला पडद्यावर एकत्र येतात, आपल्या केसेस मांडतात, तज्ज्ञ आणि बाकीचे डॉक्टर त्यावर बोलतात. ग्रामीण दवाखान्यांतले उपचार विद्यापीठाच्या रुग्णालयाइतकेच परिणामकारक ठरल्याचे २०११ ला प्रसिद्ध झाले. निम्हान्सनेही पुढे हीच रीत मानसिक आरोग्याच्या प्रशिक्षणात आणली. ध्वनिचित्रफिती पाहून शेवटी प्रमाणपत्र छापून देणारे अभ्यासक्रम मात्र पाठराखण नव्हेत, त्यांना त्या खात्यात मोजू नका.

आता खोलीबद्दल. हा विषय बैठकीत मांडला की लोकांना किरकोळ वाटतो. आरोग्य केंद्रात बोलायला खोली नसते. असली तर तिला दार नसते, दार असले तर आत औषधांची खोकी ठेवलेली असतात. शहरात माणूस अनोळखी समुपदेशकाकडे जातो आणि गर्दीत मिसळून जातो. खेड्यात कार्यकर्ती म्हणजे शेजारीण, कधी भावकीतली. तिच्याशी बराच वेळ बोलताना दिसले तरी संध्याकाळपर्यंत कारण विचारले जाते. म्हणून लोक आधी शरीराचे दुखणे सांगतात: झोप नाही, छातीत धडधडते, डोके जड राहते. झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी आजीबाईंना समुपदेशन शिकवून दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसवले, तेव्हा त्यांनी नैराश्य हा शब्दच बाजूला ठेवला आणि लोक म्हणतात तो 'कुफुंगिसिसा', म्हणजे फार विचार करणे, हा तिथल्या शोना भाषेतला शब्द घेतला. ते काम हरारे शहरात सुरू झाले, पण ही गोष्ट कुठेही घेण्यासारखी आहे. आमच्या पुस्तिकांतली भाषा मात्र कार्यकर्तीलाच कळत नाही, ती रुग्णाला काय सांगणार? पुस्तिका छापण्याआधी तिच्याकडून वाचून घ्या. आणि केंद्राच्या इमारतीला मंजुरी देताना दार असलेली एक लहान खोली मागून घ्या.

पारंपरिक उपचार करणाऱ्यांकडे लोक आधी जातात, यावर तुमच्या टिपणांत नुसती नाराजी असते. नायजेरिया आणि घाना इथे डॉ. ओये गुरेजे आणि सहकाऱ्यांनी अशा उपचारकांबरोबर आरोग्य कर्मचाऱ्यांनी नियमित काम करण्याची पद्धत तपासली. गंभीर मनोविकार असलेल्या रुग्णांना त्याचा फायदा झाल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले. साखळदंड आणि मारहाण कुठेही खपवून घेऊ नये. पण त्या दारापर्यंत कोणी गेलेच नाही तर तिथे काय चालते ते कळणारही नाही.

औषधांचे म्हणणे थोडक्यात. तीस औषधांची यादी आणि त्यातली अर्धी गायब, यापेक्षा सहा औषधे बाराही महिने मिळालेली बरी. गंभीर मनोविकाराच्या रुग्णाला कार्यकर्तीने सहा-सहा महिने समजावून गोळ्यांवर आणलेले असते. साठा संपला म्हणून तो दोन महिने थांबला की आजार उलटतो, आणि घरच्यांचा तिच्या शब्दावरचा विश्वास जातो तो परत येत नाही.

एक गोष्ट तुमच्या खात्याच्या बाहेरची, तरी ती तुम्हीच मांडायला हवी. श्रीलंकेत १९९५ च्या सुमारास आत्महत्यांचे प्रमाण शिखरावर होते. अत्यंत विषारी कीटकनाशकांवर त्या देशाने टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि पुढच्या दोन दशकांत ते प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले. शेतीखात्याच्या बैठकीत मानसिक आरोग्याचा माणूस बसलेला असेल तरच असा निर्णय निघेल. आमच्या कार्यकर्त्या कितीही कुशल झाल्या तरी हे काम त्यांच्या हातचे नाही.

प्रशिक्षणाच्या आत काय बदलावे, तेही सांगते, कारण ते माझ्या स्वतःच्या कामावर आहे. लेखी चाचणीतून माणूस ऐकतो कसा हे कळत नाही. नेपाळमध्ये डॉ. ब्रँडन कोर्ट आणि सहकाऱ्यांनी 'एनॅक्ट' नावाची मोजपट्टी तयार केली. प्रशिक्षणार्थी एका नकली रुग्णाशी बोलतो आणि निरीक्षक पाहतो की तो नजर देतो का, मध्येच तोडतो का, जिवाच्या धोक्याबद्दल विचारतो का, उपदेश करत सुटतो का. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 'इक्विप' या नावाने अशी साधने सर्वांना मोफत खुली केली आहेत. नेपाळमध्येच, बरे झालेले रुग्ण प्रशिक्षणात शिकवायला आले. आपली गोष्ट त्यांनी स्वतः काढलेल्या छायाचित्रांतून सांगितली. माझ्या वर्गात मी असे पहिल्यांदा केले तेव्हा वीस वर्षे नोकरी झालेल्या एका परिचारिकेने सांगितले की स्किझोफ्रेनिया या गंभीर मनोविकारातून सावरलेल्या माणसाशी निवांत बोलण्याची तिची ही पहिली वेळ. तिने रुग्ण शेकड्यांनी पाहिले होते, पण सगळे आजाराच्या ऐन भरात. माणूस बरा होतो हे तिने पाहिलेच नव्हते, मग ती घरच्यांना धीर कुठून देणार?

आणि कामाचा बोजा. लसीकरण, बाळंतपणे, क्षयरोग, सर्वेक्षणे, वर मोबाइलवरच्या नोंदी. प्रत्येक नव्या कार्यक्रमाला तीच कार्यकर्ती दिसते. मानसिक आरोग्य देताना तिच्या अंगावरचे काय उतरवणार ते त्याच आदेशात लिहा. या कामाचे मानधन वेगळे द्या, वेळेवर द्या. दुसऱ्याचे दुःख रोज ऐकणाऱ्या माणसाचे स्वतःचे मनही थकते. मासिक बैठकीत पहिला अर्धा तास फक्त तिच्यासाठी ठेवायचा, हा पाठराखणीचा भाग आहे.

मोजायचेच असेल तर हे मोजा: उपचार सुरू झालेल्या दहा जणांपैकी तिसऱ्या महिन्यात किती जण परत आले. मासिक बैठक वर्षात किती वेळा खरोखर झाली. जिवाचा धोका दिसल्यावर कार्यकर्तीने फोन केला तेव्हा किती वेळाने उचलला गेला. पहिल्या वर्षी हे आकडे वाईट येतील. ते वाईट आले म्हणून कोणाची बदली करू नका, नाहीतर दुसऱ्या वर्षी ते खोटे येतील.

त्या कोऱ्या वहीवर माझी सही आहे. तपासणी केल्याची. त्या दिवशी मी तिला माझा स्वतःचा नंबर दिला आणि तिने त्यानंतर चार वेळा फोन केला. वहीचे तिसरे पान सुरू झाले आहे. पण माझ्याकडे अशा शेकडो जणी शिकून गेल्या आहेत, आणि माझा एक नंबर त्यांना पुरणार नाही. तुम्ही पुढच्या आर्थिक वर्षाचे प्रस्ताव मागवाल तेव्हा प्रशिक्षणाच्या तारखांशेजारी एक रकाना वाढवा: शिबिरानंतरची पहिली भेट कोणाची आणि कोणत्या तारखेला. माझ्या संस्थेच्या प्रस्तावातही तो रिकामा दिसला, तर तो परत पाठवा.

आपली विश्वासू,
आरोग्य कार्यकर्त्यांची एक प्रशिक्षक